फांदीतले झाड

बी रुजते तेव्हा एक नवा जीव जन्माला येतो. फांदी रुजते तेव्हा जुनाच जीव आपले आयुष्य दुसऱ्या जागी पुढे चालू ठेवतो. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावी, जिथे पावसाचा भरवसा धरवत नाही आणि वैशाखात सावली हीच श्रीमंती ठरते, तिथे हा भेद मला वनस्पतिशास्त्राहून खोल वाटतो. जुन्या वडाची मनगटाएवढी फांदी मृगाच्या पावसात गावठाणाच्या मोकळ्या जागेत रोवली आणि ती जगली, तर उद्या तिच्याखाली विसावणारे मूल आपल्या पणजोबांच्याच झाडाखाली विसावलेले असेल. वंश पुढे नेण्याची वाट माणसाला सापडली आहे. स्वतःच पुढे जाण्याची वाट झाडांनी आपल्यापाशीच राखून ठेवली आहे.

या वाटेचा आरंभ जखमेत होतो. शेंड्यातले कोंब आणि कोवळी पाने ऑक्सिन नावाचे संप्रेरक निर्माण करतात व ते अखंड खाली वाहत असते. फांदी छाटली की त्याचा मार्ग खुंटतो, ते कापलेल्या टोकाशी साचते, आणि आजवर खोडाचाच भाग होऊन राहिलेल्या तिथल्या पेशी मुळांचे रूप घेऊ लागतात. एका सुट्या पेशीतूनही संपूर्ण वनस्पती घडू शकेल, हा विचार हाबरलांट या शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये मांडला, पण प्रयोगाने तो सिद्ध झालेला पाहणे त्याच्या हाती नव्हते. त्याहून विलक्षण मला वाटते ते फांदीचे दिशाभान: ती उलटी रोवली, तरी मूळ तिच्या बुंध्याकडच्या टोकालाच फुटू पाहते. ज्या झाडाने तिला वाढवले त्याच्यापासून ती कायमची दुरावलेली असते, आणि तरीही आपली माती कोणत्या बाजूला आणि आपले आकाश कोणत्या बाजूला, हे ती विसरत नाही.

हे ज्ञान आपल्याकडे जुने आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष अशा फांदीपासून लावता येणाऱ्या झाडांची नावे दिली, फांदीला शेणाचा लेप द्यायला सांगितले, आणि दोन झाडांत २० हातांचे अंतर उत्तम मानले. आजच्या रोपाला उद्याचा विस्तार आधीच बहाल करणारी ही दूरदृष्टी होय. त्याच्याही कितीतरी आधी अशोकाने, पशूंना आणि माणसांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांकडेला वड लावल्याचे आपल्या स्तंभलेखात कोरून ठेवले. बौद्ध परंपरा सांगते की त्याची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची एक फांदी घेऊन समुद्रापार गेली. त्या फांदीचा वृक्ष अनुराधपुरात आजही पूजला जातो. साम्राज्य लयाला गेले, त्याची लिपी शतकानुशतके कोणाला वाचता येईना, फांदी मात्र जगली.

बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे नवल कोणी शिकवायला नको, कारण उसाची टिपरी सरीत दाबताना तो हेच करत असतो. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला परमुलखात जाणारी इथली कुटुंबे त्या उसाच्या जन्माशी आणि मरणाशी सारखीच परिचित असतात. गावाकडची दिशा न विसरता परक्या मातीत महिने काढणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? पण ऊस एक इशाराही देतो. को ८६०३२ या वाणाचे शिवारेच्या शिवारे व्यापणारे पीक जैविक दृष्ट्या एकाच रोपाचा विस्तार असते, म्हणून एकाला भोवणारा रोग सर्वांनाच भोवू शकतो. गावाची हिरवाई अशी एकाच आईवर विसंबून असू नये. फांद्या अनेक झाडांच्या घ्याव्यात. गुळवेलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात, एकाच वेलाच्या कांड्या लावत गेलो तर पाखरांसाठी लाल फळे कधी धरणारच नाहीत. सातत्य हवे, त्यासोबत वैविध्यही हवे, हे समाजाला जितके लागू आहे तितकेच कुंपणालाही.

शिवाय प्रत्येक झाड या वाटेने येत नाही. वड, उंबर, नांद्रुक, पांगारा, मोई, शेवगा, निर्गुडी, अडुळसा फांदीला राजी असतात; कडुनिंब, बाभूळ, हिवर यांना बीच मानवते, आणि त्यांचा हा स्वभाव जाणणे हीच कारागिरीची पहिली पायरी आहे. गिरीपुष्प चटकन जगते, परंतु ते मेक्सिकोकडचे. सहज येते एवढ्यावरून एखादे झाड आपले होत नाही. मग पाने उतरवावी लागतात, कारण मुळे नसताना पानांची तहान फांदीला मारते; काळ्या मातीत वाळू मिसळावी लागते, कारण साचलेल्या पाण्यात टोक कुजते; शेळ्यांपासून राखायला बोराटीचे कुंपण करावे लागते. फांदी जगवणे म्हणजे तिची मुळे येईपर्यंत आपण तिची मुळे होणे.

बीडजवळच्या पालवणच्या माळावर सह्याद्री देवराई या संस्थेने झाडे वाढवली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे भरलेल्या वृक्षसंमेलनाचे अध्यक्षपद एका वडाला दिले. तो मान मला प्रतीकापेक्षा कर्तव्यासारखा वाटतो. वटपौर्णिमा ज्येष्ठात येते, म्हणजे नेमकी फांदी लावण्याच्या हंगामात, आणि त्याच दिवशी शहरोशहरी वडाच्या फांद्या तोडून विकल्या जातात व दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. वाचकहो, येत्या पौर्णिमेला वडाला फेरे घालायचे ते मुळावर उभ्या असलेल्या वडालाच घाला. आणि वादळाने पाडलेली किंवा रस्त्यासाठी छाटलेली एखादी जाड, ओली फांदी दिसली, तर ती शाळेच्या, स्मशानाच्या, ओढ्याच्या कडेला रोवून पहिले दोन उन्हाळे तिला पाणी घाला.