हत्याकांड बघायला जाणं

जिथं आपली माणसं मारली गेली, तिथं आपण प्रवासी म्हणून जावं का? सोपा वाटतो प्रश्न. नाहीये.

आमच्या गडबची काही पोरं गाडी करून खैरलांजीला जायचं म्हणतायत. सहल नव्हे, अभ्यासदौरा, असं नावपण दिलंय. आमचं गाव मुंबई-गोवा रस्त्यावर. एस.टी. धरली की नागोठणं, कोलाड, माणगाव करत महाड. चवदार तळ्यावर आम्ही लहानपणापासून जातो, तेव्हा हा प्रश्न कुणी काढला नाही. मग आताच का?

महाडला रक्त सांडलं नव्हतं काय? २० मार्च १९२७ ला पाणी पिऊन झाल्यावर, हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवली आणि जेवायला बसलेल्या आपल्या माणसांची डोकी फोडली. पण आपण तिथं जातो ते ओंजळ आठवायला. लाठ्या नव्हे.

खैरलांजीत काय आठवणार? २९ सप्टेंबर २००६. सुरेखा, प्रियांका, रोशन, सुधीर. एवढ्यावर थांबलात तर फक्त प्रेतं उरतात. त्या प्रेतांचे फोटो आपल्याच माणसांनी हातोहात फिरवले. व्यवस्थेला धक्का बसावा म्हणून फिरवले, मान्य. पण त्या बाईची अब्रू पुन्हा चव्हाट्यावर आली, ती कुणी आणली? सुरेखा भोतमांगे शेतासाठी गावाशी भांडली, पोरीला शिकवलं, मारहाणीच्या प्रकरणात आरोपी ओळखून दाखवले. तिची ओंजळ ती. आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी हे घडलं.

जगातही लोक अशा जागी जातात. पोलंडात आउश्वित्झला सुमारे ११ लाख माणसं मारली, बहुतेक ज्यू. १९४७ पासून तिथं संग्रहालय आहे. २०१९ साली त्या संग्रहालयाला सांगावं लागलं, की बाबांनो, ज्या रुळांवरून माणसं मरणाला आणली त्यांच्यावर तोल सावरत फोटो काढू नका. म्हणजे चटक सगळीकडची सारखीच. फरक वेगळा आहे. तिथं मारणारं राज्य हरलं. छावणीच्या पहिल्या कमांडंटला १९४७ लाच तिथं फासावर चढवलं. प्रवासी जातो तेव्हा निकाल लागलेला असतो.

आपल्याकडे? २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहाजणांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली. २०१० ला नागपूर खंडपीठानं सगळ्यांना २५ वर्षं केली. आणि दोन्ही कोर्टांना त्यात जात दिसली नाही! ॲट्रॉसिटी कायदा लागलाच नाही. भैयालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत गेले, ही खंत घेऊनच.

म्हणून मी पोरांना म्हणतो, स्मारकापुढं मान खाली घालून परतायचं, तसली ही जागा नाही. फुलं वाहून काम संपत नाही, कारण ‘हे जातीनं केलं’ एवढं वाक्य अजून सरकारी कागदावर यायचंय. दोन्ही निकाल वाचून निघा. सगळ्यांनी नाही, निदान दोघांनी. मोबाइल खिशात ठेवा.

आणि एक. आउश्वित्झचा प्रवासी संग्रहालयाच्या माणसाशी बोलतो. तुम्हाला बोलावं लागेल त्या गावाशी, ज्यानं त्या संध्याकाळी पाहिलं आणि गप्प राहिलं. रस्ता त्यांनाच विचारावा लागणार. तहान लागली तर पाणी कुणाच्या दारात मागायचं, हे पोरांनी अजून ठरवलेलं नाही.