अठरा कोणी ठरवले?

माझी नात खेळते ते गोल्फचे मैदान नऊच होलांचे आहे, असे मी आमच्या पारायण मंडळात सांगितले, तेव्हा कोकणनगरचे एक गृहस्थ चटकन म्हणाले, "म्हणजे अर्धेच की!" गोल्फ त्यांना ठाऊक नाही, मलाही बेताचाच. पण पुरे मैदान अठरा होलांचे असते एवढे टीव्हीमुळे सगळ्यांना कळलेले असते.

मैदानाचे नाव बाल्गोव्ह. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला, समुद्रालगत. लेक तिकडे नोकरीला आहे म्हणून पाहणे झाले. आमच्या देवगडकडे पुळणीच्या मागे नांगर न लागणारी, खाऱ्या वाऱ्याची रेताड पट्टी असते ना, जमीन तशीच. सुरूच्या जागी आखूड गवत. अशा जमिनीवरच्या मैदानाला तिकडे लिंक्स म्हणतात. बाल्गोव्ह १९७२ साली सुरू झाले, ते पोरांसाठी आणि नवशिक्यांसाठी. फी माफक, होल जवळजवळ, थाटमाट काही नाही.

मी भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होतो. तपासणीच्या टेबलावर बोटाएवढा बुश यायचा आणि हातभर शाफ्टही यायचा. बुश लहान आहे म्हणून इन्स्पेक्टरने तो कधी रिजेक्ट केला नाही. तो त्या जॉबचे ड्रॉइंग पुढ्यात घ्यायचा आणि त्याच्याशी ताडून पाहायचा. बाल्गोव्हही मी तसेच पाहिले. गवत नीट कापलेले आहे का? भोकाभोवतीची हिरवळ चेंडूला खरी वाट देते का? चुकलेला फटका चुकलेलाच राहतो का? तिन्ही बाबतींत मैदान पास. अंतर कमी आहे, पण समुद्रावरचा वारा पोरांना सवलत देत नाही. नातीचा चेंडू दोनदा वाळूच्या खड्ड्यात गेला आणि दोन्ही वेळा तिला तो स्वतःच बाहेर काढावा लागला.

शिवाय अठरा हा आकडा काही वेदात सांगितलेला नाही. १७४४ साली एडिंबरोजवळच्या लीथला या खेळाचे पहिले लेखी नियम झाले, तेव्हा तिथे होल होते पाच. १८६० ची पहिली ओपन स्पर्धा प्रेस्टविकला झाली, ते मैदान बाराचे. तीन फेऱ्या मारून छत्तीस भरवले. खुद्द सेंट अँड्र्यूजला एक फेरी बावीस होलांची असे. १७६४ साली काही होल एकत्र करून ती अठरावर आणली, आणि पुढे जगाने तेच माप मानले. म्हणजे ज्याला आपण पूर्ण म्हणतो ते कुणाची तरी सोय होती. सोयीला पूर्णत्व म्हटले की बाकीचे सगळे आपोआप अपुरे ठरते.

मंडळात मी म्हटले, गीतेचे अध्यायही अठराच. पण पान, फूल, फळ, पाणी, जे भक्तीने द्याल ते मी घेतो, हे देव सांगतो नवव्यात. देणाऱ्याची ऐपत तिथे विचारलेली नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र तिथे थांबणे धोक्याचे वाटले, कारण 'थोडक्यात समाधान मानावे' हे वाक्य ज्यांच्याकडे भरपूर आहे त्यांना फार आवडते.

सावता माळी अरणचे. पंढरपूर जवळ असूनही ते वारीला गेले नाहीत, मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला, असे परंपरा सांगते. पांडुरंगाची पालखी आजही अरणला जाते. चोखोबाही पंढरपूरचेच भक्त. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी, देवळाबाहेर. दोघांच्याही वाट्याला गाभारा आला नाही, म्हणून दोघांना एकाच ओळीत बसवायचे का? मळा सावतोबांनी निवडला होता. चोखोबांना बाहेर ठेवले होते. ते दार दलितांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषणाला बसावे लागले. सावतोबांचा दाखला देऊन चोखोबांना "बाहेरच देव मान" म्हणणे याला मी अध्यात्म म्हणणार नाही.

भांडुपकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मुंबईचे बरेचसे पाणी शुद्ध होते ते आमच्या डोंगराच्या कुशीत, आणि त्याच डोंगरउतारावरच्या वस्त्यांतल्या बाया कळशा भरून चढ चढत आल्या आहेत. त्यांना संतोषावर प्रवचन देण्याचा अधिकार कुणाला?

म्हणून लहान गोष्ट तपासताना तिच्या स्वतःच्या ड्रॉइंगनंतर आणखी एक गेज लावावा लागतो: इथून मोठ्याकडे जाणारे दार उघडे आहे का? बाल्गोव्ह आणि तिथले जगप्रसिद्ध ओल्ड कोर्स एकाच ट्रस्टकडे आहेत, आणि दोन्ही सार्वजनिक. ओल्ड कोर्सची फी खिशाला जड, नंबर लागणेही कठीण. पण त्यासाठी क्लबचे सभासद असावे लागत नाही. रविवारी एरवी तिथे खेळ बंद असतो आणि गावातली माणसे कुत्री घेऊन त्याच हिरवळीवर फिरतात. शेजारच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने बायकांना सभासदत्व द्यायला २०१४ साल उजाडू दिले, हेही खरे. पण मैदान क्लबच्या मालकीचे नाही, म्हणून नातीची वाट तिथे अडत नाही. उद्या तिला नऊच आवडले तर ती तिची निवड असेल.

आपल्याकडे चेंबूरच्या प्रेसिडेन्सी क्लबचे अठरा होल सभासदांचे आणि त्यांच्या पाहुण्यांचे. खारघरला सिडकोच्या मैदानावर पैसे भरून कुणालाही खेळता येते. ते मला अधिक धार्मिक वाटते. समाधान हे व्रत आहे, आणि व्रत ज्याचे त्याने धरायचे असते. आपल्या ताटात कमी वाढून घेणे हा संतोष. दुसऱ्याच्या ताटात कमी वाढून त्याला संतोष शिकवणे ही लबाडी, मग ती कितीही ओव्या म्हणून केलेली असो.