हवेने झेललेला आघात

डोंगरउतारावरच्या ओढ्याचे पाणी लोखंडी नळातून खाली उतरते, नळाच्या शेवटच्या झडपेतून उसळून बाहेर पडते, आणि पडता पडता त्याचा वेग इतका वाढतो की त्या वेगाच्याच रेट्याने झडप धाडकन मिटते. वाट अशी अकस्मात खुंटली तरी पाण्याच्या अंगातली गती लगेच मरत नाही. ती दुसरी झडप ढकलून उघडते, आणि पाण्याचा एक लहानसा अंश घुमटाकार बंद पात्रात शिरून तिथल्या हवेला दाबतो. दबलेली हवा पसरू पाहते आणि पसरताना ते पाणी उभ्या नळातून वर, ज्या ओढ्यातून ते आले त्याच्याही वर, चढवते. तोवर पहिली झडप आपल्याच वजनाने उघडलेली असते, आणि पाणी पुन्हा धावू लागते. हायड्रॉलिक रॅम नावाचे हे यंत्र इंधनावाचून, विजेवाचून, कोणी पाहत असो वा नसो, रात्रंदिवस ठोके देत राहते.

त्याचा हिशेब मात्र कठोर आहे. दोन मीटर उतरणाऱ्या पाण्याच्या बळावर वीस मीटर उंची गाठायची, तर निर्दोष यंत्रातही दशांशच पाणी वर जाईल. प्रत्यक्षात त्याहून कमी. उरलेले सारे ओढ्याला परत मिळते. त्याला वाया गेलेले म्हणायला माझे मन धजत नाही, कारण चढलेल्या थेंबाची उंची ही न चढलेल्या थेंबांच्या पतनातूनच आलेली असते, आणि शेंड्यावरच्या हौदात साठलेल्या पाण्यावर त्याची कुठलीही खूण नसते. किती कुळांच्या, किती विद्यांच्या इतिहासात असेच घडले असेल, हा विचार मग बराच वेळ सोबत करतो.

या कल्पनेचा पहिला धनी इंग्लंडमधल्या डर्बीचा घड्याळजी जॉन व्हाइटहर्स्ट. 1772 मध्ये चेशायरमधल्या ओल्टन इथे त्याने अशी रचना उभारून पाणी सुमारे 16 फूट वर चढवले. तिथे तोटी मात्र माणसाने हातानेच उघडायची आणि मिटायची होती. तोटी एकदम मिटली की नळ हादरतो, हे त्याआधीही अनेकांनी ऐकले असणार. आपल्या घराच्या भिंतीतूनही तो ठोका कधीमधी ऐकू येतोच. उपद्रव म्हणून सोडून दिलेल्या त्या धक्क्यात सामर्थ्य आहे, हे घड्याळजीला उमगले, याचे मला नवल वाटत नाही. लंबकाच्या घड्याळातही खाली जाऊ पाहणाऱ्या वजनाला क्षणाक्षणाला अडवायचे आणि सोडायचे असते. अडवले नाही तर वजन सरळ तळाशी जाईल आणि काळ मोजलाच जाणार नाही. खंडित करून गतीला अर्थ देण्याची ही विद्या त्याच्या बोटांत आधीपासूनच होती. पुढे 1778 मध्ये याच माणसाने पृथ्वीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला. सेकंदाचा कारागीर भूगर्भाच्या अथांग काळाकडे वळला, आणि मधल्या वाटेवर त्याला पाणी भेटले.

तोटीवरचा हात दूर केला तो फ्रान्समधल्या जोसेफ मोंगोल्फिएने. 1783 मध्ये भावासह तापलेल्या हवेचा फुगा आकाशात सोडणारा हा कागद-कारखानदार. 1796 मध्ये व्ह्वारों इथल्या कागदगिरणीसाठी त्याने आपोआप मिटणाऱ्या झडपेचा रॅम केला. फुग्याने त्याला कीर्ती दिली, पण मला रॅम अधिक गहन वाटतो. फुग्यातली हवा साऱ्यांच्या डोळ्यांदेखत उचलते. रॅममधली हवा काळोख्या पात्रात कोंडून राहते आणि तरीही उचलते.

त्या कोंडलेल्या हवेपाशी मी पुन्हा पुन्हा येतो. पाणी जवळपास दबतच नाही, म्हणून त्याचा आघात निष्ठुर असतो. हवा दबते, आघात पोटात घेते आणि तोच सावकाश, अखंड प्रवाहाच्या रूपाने परत करते. या कामात ती झिजतेही: दाबाखालच्या पाण्यात थोडी थोडी विरघळत जाते, आणि पात्र पाण्याने भरले की यंत्र स्वतःच्याच धक्क्यांनी खिळखिळे होऊ लागते. म्हणून पुढच्या रॅममध्ये प्रत्येक ठोक्यासरशी चिमूटभर हवा आत ओढणारे एक छिद्र ठेवू लागले.

आग विझवणाऱ्या जुन्या बंबांतही अशीच हवेची कोठी असे. दट्ट्या थांबत थांबत चाले, धार मात्र तुटत नसे. स्टीफन हेल्स या इंग्लिश धर्मोपदेशकाने त्या कोठीत आपले शरीर ओळखले. घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडून रक्त आठ फुटांहून उंच चढताना त्याने पाहिले होते. 1733 च्या आपल्या ग्रंथात त्याने धमन्यांच्या लवचीकपणाची तुलना बंबातल्या हवेशी केली: हृदय ठोक्याठोक्याने रक्त फेकते, महाधमनी फुगून ते सामावते आणि दोन ठोक्यांमधल्या विरामातही पुढे धाडत राहते. आपल्या जगण्यातले सातत्य हृदयाइतकेच या सामावून घेण्यावरही उभे आहे, हे मला आत कुठेतरी हलवून जाते.

महाधमनीला मात्र नवी हवा ओढणारे छिद्र नाही. वर्षे सरतात तशी तिच्या भिंतीतली लवचीक तंतूंची जाळी विरत जाते, ती ताठर होते, आणि पूर्वी जो आघात ती स्वतःत जिरवत असे तो मेंदू-मूत्रपिंडांतल्या नाजूक वाहिन्यांपर्यंत पोचू लागतो. उतारवयात रक्तदाबाचा वरचा आकडा चढत जातो, खालचा कधीकधी उतरतोही. त्या दोन आकड्यांमधले रुंदावत जाणारे अंतर दंडावरचा पट्टा सोडताना डॉक्टर कागदावर टिपून ठेवतात.