पंधरा श्वास

रविवारची सकाळ आहे. चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडा. वीर नरिमन रस्त्याने सावकाश चालत या.

आज कुठली लोकल गाठायची नाही.

इथे थांबा. हा हुतात्मा चौक.

समोर स्मारकावर दोघं उभे आहेत. एक शेतकरी, एक कामगार. त्यांनी मशाल उंच धरली आहे.

नुसतं पाहा.

शेजारी फ्लोरा आहे, फुलांची रोमन देवी. १८६४ पासून ती इथे आहे. तिच्या आधी इथे मुंबईच्या किल्ल्याचा दरवाजा होता, चर्चगेट नावाचा. तट पाडला, दरवाजा गेला. नाव तेवढं स्टेशनाकडे राहिलं.

एक श्वास घ्या. सोडा.

आता पायांखाली पाहा. २०१७ मध्ये इथे खोदताना जुन्या ट्रामचे रूळ सापडले. २१ नोव्हेंबर १९५५ ला या शहरात ट्राम धावत होत्या. त्या दिवशी माणसं इथे आली, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागायला. गोळीबार झाला. पंधरा जण गेले.

थांबा.

त्या सगळ्या चळवळीचे १०६ हुतात्मे. हा आकडा आपल्याला शाळेपासून पाठ आहे. इतका पाठ, की उच्चारताना आत काही हलत नाही. म्हणून आज सगळे नकोत. इथले हे पंधरा, एवढेच.

एका माणसासाठी एक श्वास.

पहिला. श्वास आत. कोणीतरी त्या दिवशी घरून निघालं. श्वास बाहेर.

दुसरा. निघताना त्याने दाराशी काहीतरी सांगितलं असेल. लवकर येतो, असंच काही.

तिसरा. घरी कोणीतरी ताट झाकून ठेवलं असेल.

चौथा.

पाचवा.

मोजणी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून घ्या. इथे उशीर होत नाही.

मशालीकडे पाहा. मागे एखादी बस वळते. आवाज येतो, जातो. जाऊ द्या.

सहावा. सातवा.

मनात मोजताय ना? पहिला, दुसरा, तिसरा. ही मोजणी ज्या भाषेत उमटते आहे, तिचं राज्य त्यांना हवं होतं.

ही मोजणी ऐकत राहा.

आठवा.

मी इथून कितीदा गेलो, मान न वळवता. त्याचं मला वाईट वाटतं. आज मान वळली आहे. तुमचीही वळली आहे. ती तशीच राहू द्या.

नववा. दहावा.

आता मी बोलत नाही. पुढचे चार तुमचे.

पंधरावा सावकाश घ्या. आत थोडा धरून ठेवा.

सोडा.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबईसह. या पंधरांपैकी कोणी तो दिवस पाहिला नाही.

येत्या २१ नोव्हेंबरला इथे फुलं वाहिली जातील. गर्दी ओसरली की या. पंधरा श्वासांपुरते उभे राहा.