उतरण आणि बंद दार

वरच्या पायरीवरून खाली येणे हा अपमान आहे काय? निकालाच्या दिवसांत नांदेड-लातूरच्या घराघरांत हा प्रश्न मुकाट्याने वावरत असतो. ‘लातूर पॅटर्न’ची कीर्ती सर्वदूर पसरली, परंतु यादीत नाव न आलेल्या मुलाशी त्या रात्री जेवताना काय बोलावे, हे कोणत्याही शिकवणीत शिकविले जात नाही.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला फुटबॉलचे उदाहरण उपयोगी वाटते. इंग्लंडमध्ये सर्वोच्च गटाखाली व्यावसायिक साखळीचे आणखी तीन गट आहेत. दर हंगामाअखेर तळाचे संघ खाली उतरतात व खालचे सरस संघ वर चढतात. २००२ मध्ये विम्बल्डनचा संघ दुसऱ्या शहरी हलविण्यास परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी आपला नवा संघ उभारून फार खालून आरंभ केला. नऊ वर्षांत पाच पायऱ्या चढून २०११ मध्ये तो त्या साखळीत पोहोचला.

आपल्या शेजारच्या गोव्यातील डेंपो संघ पाच वेळा राष्ट्रीय विजेता. २०१५ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि पुढच्याच वर्षी ती श्रेणी जिंकून परतला. परंतु २०१६ च्या नव्या आराखड्यात सर्वोच्च स्थान इंडियन सुपर लीगला मिळणार होते. तेथील जागा पैसे मोजून घेतलेल्या होत्या व खालून वर जाण्याची वाट नव्हती. डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही गोमंतकीय संघांनी राष्ट्रीय साखळीतून अंग काढून घेतले. ज्याने घसरण सोसली, त्याला बंद दार सोसवले नाही. पुढे २०२३ मध्ये ते दार प्रथमच उघडले व पंजाबचा संघ आय-लीग जिंकून वर गेला. २०२४ मध्ये डेंपोनेही खालच्या श्रेणीतून आय-लीग पुन्हा गाठली.

म्हणजे उतरण अन्यायाची नसते. परतीची वाट बुजविणे हा अन्याय होय. ज्या शिडीच्या पायऱ्या केवळ पैशाने चढता येतात, ती असून नसल्यासारखीच. शिकवणीच्या शुल्काचा विचारही आपण याच न्यायाने करावयास हवा.

तरीही एक गोष्ट उरते. इंग्लंडमधील कित्येक लहान संघ कधीच शिखरावर पोहोचत नाहीत. पण शनिवारी त्यांच्या मैदानावर माणसे जमतातच. मुलाचे मोल त्याच्या क्रमांकावर ठरत नाही, हे त्याला प्रथम घरच्यांच्या वागण्यातून कळावे. दार उघडे ठेवणे समाजाचे काम. सोबत राहणे आपले.