मित्राची परवानगी

लासलगाव म्हटलं की कांदा. पण नाशिक जिल्ह्यातल्या याच गावात भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' हे विकिरण केंद्र आहे. २००७ मध्ये आपला आंबा अमेरिकेला गेला तो इथल्या कोबाल्ट-६० समोरून, अमेरिकी निरीक्षकांच्या देखत. आपल्या केंद्रात, आपल्या फळावर परक्याची नजर. तरी कुणाचा अभिमान दुखावला नाही. (तिकडच्या नातेवाइकांना दुखली ती पेटीची किंमत.)

त्याच सुमारास दिल्ली आणि वॉशिंग्टन यांच्यात दुसऱ्या एका परवानगीवरून घासाघीस चालली होती: वापरलेल्या अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेची. ते दुखणं जुनं, तारापूरचं. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या, १९६९ पासूनच्या. १९६३ च्या करारानुसार त्यांच्या इंधनावर भारतात पुनर्प्रक्रिया करता येणार होती. मात्र त्या कामावर पुरेशी देखरेख ठेवता येईल, असं दोन्ही देशांनी मिळून ठरवायचं होतं. भारताने शेजारीच पुनर्प्रक्रियेचा प्रकल्प बांधला. ते मिळून ठरवणं काही झालं नाही. अमेरिकेने स्पष्ट नकार दिला नाही, होकारही दिला नाही. १९९३ मध्ये करार संपला, तेव्हा इंधन साठवणीत पडूनच होतं.

अमेरिकेची भीती पोकळ नव्हती, हे आपण क्वचितच बोलतो. पुनर्प्रक्रियेतून निघणाऱ्या प्लुटोनियमवर वीज होते, बॉम्बही होतो. १९७४ च्या पोखरण स्फोटाचं प्लुटोनियम आलं ते कॅनडाने शांततेच्या कामासाठी दिलेल्या सायरस भट्टीतून; तिच्यातलं जड पाणी अमेरिकेचं. पण ज्या जपानने बॉम्ब केलाच नाही, त्यालाही १९७७ मध्ये तोकाईच्या प्रकल्पासाठी कार्टर सरकारची मनधरणी करावी लागलीच.

डॉ. अनिल काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असताना भारत पुनर्प्रक्रियेच्या हक्कावर अडून बसला, तो तारापूर आठवूनच. २००८ मध्ये सह्या झालेल्या भारत-अमेरिका अणुसहकार्याच्या १२३ करारातलं सर्वांत मोलाचं कलम मला मुदतीचं वाटतं: मागणी केल्यापासून सहा महिन्यांत चर्चा सुरू, पुढे वर्षभरात पूर्ण. गप्प राहून अडवण्याची सोयच त्याने काढून घेतली. जुलै २००९ मध्ये सुरू झालेली चर्चा मार्च २०१० मध्ये आटोपली, ३० जुलैला सह्या झाल्या. बदल्यात, आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्या स्वतंत्र नव्या प्रकल्पांतच हे काम करायचं भारताने मान्य केलं. परवानगी स्थगित करण्याची वाटही अमेरिकेने राखून ठेवली.

पुढच्याच महिन्यात संसदेने अणुदुर्घटनेच्या भरपाईचा कायदा केला, आणि भांडण पुनर्प्रक्रियेवरून पुरवठादाराच्या जबाबदारीवर सरकलं. १२३ करारानंतर अमेरिकी बनावटीची एकही नवी भट्टी भारतात उभी राहिलेली नाही.