कारुण्याची जमीन

जकार्तेच्या मध्यभागी, तानाह आबांगच्या अफाट कापडबाजारापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, केबोन काचांग नावाच्या वस्तीत मी काही वर्षे खोली भाड्याने घेऊन राहिलो; आणि त्या घराच्या मालकीणबाईंनी, ज्यांना सारी गल्ली ‘इबू’ म्हणजे आई म्हणून हाक मारीत असे, एके दिवशी संध्याकाळच्या नमाजानंतर कपाटातील प्लास्टिकच्या पिशवीतून आपल्या जागेची सनद काढून माझ्यापुढे ठेवली. हिरव्या आवरणाचा, वर गरुडाचे राजचिन्ह असलेला तो दस्तऐवज होता. आत ठळक अक्षरांत दोनच शब्द प्रथम डोळ्यांत भरत होते : ‘हाक मिलिक’. माझी इंडोनेशियन भाषा तोवर बाजारापुरतीच होती, परंतु हे दोन शब्द वाचण्यास मला कोशाची गरज पडली नाही. कारण जे अरबी शब्द फारसीच्या हातून आमच्या महसुली दप्तरात येऊन ‘हक्क’ आणि ‘मिळकत’ झाले, तेच समुद्रमार्गे जावा बेटावर पोचून तेथील जमिनीच्या कागदावर बसले होते.

सनद दाखविण्यास तसेच कारण होते. एका बांधकाम कंपनीचा माणूस गल्लीतील घरे विकत मागत फिरत होता आणि देऊ केलेली रक्कम इबूंनी जन्मात एकत्र पाहिलेली नव्हती. मजजवळही थोडी शिल्लक होती, आणि पुढेमागे उभ्या राहणाऱ्या त्या उत्तुंग इमारतीत एखादा फ्लॅट घेऊन ठेवावा, राहणे झाले तर राहावे, नाही तर भाव चढल्यावर विकावा, असा विचार माझ्याही मनात घोळत होता. तेव्हा विकणारी आणि घेणारा असे आम्ही दोघे एकाच दिव्याखाली बसलो होतो. व्यवहाराचे प्रश्न आम्ही एकमेकांस पुष्कळ विचारले. परंतु जो प्रश्न त्या कागदातच दडलेला होता, म्हणजे जी वस्तू मनुष्याने निर्माण केली नाही ती त्याची होते कशी, तो माझ्या मनात त्या रात्री शिरला तो आजतागायत तेथेच आहे.

इंडोनेशियाच्या जमीनविषयक मूलभूत कायद्यास, जो 24 सप्टेंबर 1960 रोजी अमलात आला, हा प्रश्न अपरिचित नाही. डच सरकारने 1870 मध्ये असा सिद्धान्त घालून दिला होता की, ज्या जमिनीवर कोणास आपली मालकी शाबीत करता येणार नाही ती सरकारची. पिढ्यान्पिढ्या वहिवाट असून हाती कागद नसलेला शेतकरी त्या एका वाक्याने आपल्याच भूमीवर परका झाला. स्वतंत्र राष्ट्राने तो सिद्धान्त रद्द केला, आणि त्याच्या जागी जे लिहिले ते कायद्यापेक्षा धर्मशास्त्राच्या भाषेत लिहिले : भूमी, जल, आकाश आणि त्यांतील सर्व संपत्ती ही एकमेव परमेश्वराची ‘कारुनिया’ होय. हा ‘कारुनिया’ म्हणजे आपले ‘कारुण्य’च, तिकडे जाऊन त्याचा अर्थ ‘कृपेने मिळालेले देणे’ असा स्थिरावला आहे. तेथे भूमीस ‘बूमी’ म्हणतात, आणि लाभास ‘लाबा’. किमतीस ‘हार्गा’ म्हणतात, तो आपला ‘अर्घ’, ज्याच्यापासून मराठीतले ‘महाग’ झाले आणि ज्याच्याच कुळातले ‘अर्घ्य’ आपण देवास देतो. मूल्य आणि पूजा यांचा एके काळी एवढा निकट संबंध होता याची आठवण मला एका परक्या शहराच्या जमीनबाजारात व्हावी, हे मला आपल्या भाषेचे भाग्यच वाटले.

कृपेने मिळालेल्या वस्तूवर राज्याचीही मालकी चालू नये, हे कायदा ओळखून आहे. राज्याकडे नियमन आहे, स्वामित्व नाही, आणि व्यक्तीच्या प्रत्येक हक्कास सामाजिक कर्तव्य जडलेले आहे, असे तो म्हणतो. ‘हाक मिलिक’ हा त्यांतला सर्वांत भरभक्कम हक्क. त्यास मुदत नाही, तो वारसांकडे जातो. पण तोही काही ठराविक प्रसंगी संपुष्टात येतो, आणि त्यांतील दोन प्रसंग मला फार अर्थपूर्ण वाटतात : मालकाने जमीन टाकून दिली तर, आणि जमीनच नाहीशी झाली तर. ज्या शहराचा उत्तर किनारा भूजलाच्या उपशाने वर्षानुवर्षे खचत आहे, तेथे हे दुसरे कलम केवळ कागदी कल्पना राहत नाही. टाकून दिलेल्या जमिनीचे कलम मात्र सरळ माझ्यासारख्या गुंतवणूकदारास उद्देशून लिहिल्यासारखे आहे. इस्लामी धर्मशास्त्रातही ओसाड पडलेली भूमी जो कसून जिवंत करील त्याचा तिच्यावर हक्क उत्पन्न होतो असा विचार आहे. म्हणजे हक्काचे मूळ खरेदीत नसून वापरात, श्रमात, राहण्यात आहे.

आता यापुढची गोष्ट मला त्या संध्याकाळी ठाऊक नव्हती; ती एका नोटरीच्या कचेरीत कळली. हा मुदतरहित हक्क फक्त त्या देशाच्या नागरिकास मिळतो. कंपनीस तो धारण करता येत नाही, म्हणून इबूंची जागा कंपनीकडे गेली की तिच्यावर ‘हाक गुना बांगुनान’, म्हणजे इमारतीपुरता वापरहक्क, उरतो, आणि त्याची मुदत तीस वर्षे, पुढे वीस वर्षांची वाढ, मग पुन्हा तीस वर्षांचे नवीकरण अशी ठरलेली असते. पन्नासाव्या मजल्यावर जो फ्लॅट विकला जातो तो अशा मुदतीच्या भूमीवर उभा असतो. मी परका नागरिक, म्हणजे मला तर मुदतीच्या हक्काखेरीज काही मिळण्यासारखेच नव्हते. एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचविले की स्थानिक माणसाच्या नावे जागा घ्यावी आणि त्याच्याकडून मुखत्यारपत्र लिहून ठेवावे. ही वाट पुष्कळजण धरतात. परंतु असा व्यवहार उघडकीस आल्यास तो मुळातूनच रद्द होऊन जमीन सरकारजमा होते, ही भीती बाजूला ठेवली तरी, कारुण्याच्या वस्तूस असत्याने हात लावावा हे मला कोणत्याही धर्माच्या दृष्टीने धड दिसेना.

मुस्लिम शेजाऱ्यांकडून मी ‘अमानाह’ हा शब्द वारंवार ऐकला. संपत्ती ही आपली नसून आपल्यापाशी ठेवलेली अमानत आहे, आणि तिचा जाब द्यावयाचा आहे, असा त्याचा भाव. ईशोपनिषदाच्या पहिल्याच मंत्राचे प्रतिपादन यापाशी येऊन भिडते : हे सर्व ईश्वराने व्यापलेले आहे, तेव्हा त्यागपूर्वक भोग घ्यावा आणि दुसऱ्याच्या धनावर डोळा ठेवू नये. विनोबांनी 1951 मध्ये तेलंगणातील पोचमपल्लीस भूदानाचा आरंभ केला तो याच श्रद्धेवर; आणि मला नेहमी वाटते की, हा मंत्र आपण घोकून पाठ केला, परंतु भूमीच्या कायद्याच्या पहिल्या कलमात तो घालण्याचे धाडस आपल्याहून त्या समुद्रापलीकडच्या देशाने अधिक दाखविले.

तरीही एवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या केबोन काचांगमध्ये मी राहत होतो, त्याच्याच एका भागातील जुनी वस्ती 1980 च्या दशकाच्या आरंभी पाडण्यात आली आणि तेथे सरकारी सदनिका उठल्या. त्या वस्तीत कित्येक वर्षे जाऊन-येऊन लिया जेलिनेक या विदुषीने तिचा इतिहास लिहून ठेवला आहे. फेरीवर खाद्यपदार्थ विकून जगणाऱ्या बायांना जिन्यावरचे घर आणि दरमहाचा हप्ता दोन्ही पेलणारी नव्हती, आणि त्यांतील कितीतरी जणींना ती जागा सोडावी लागली. भूमी देवाची आहे हे वाक्य दुर्बळाच्या ओठी असले तर ते आधार असते, आणि ज्याच्या हाती नकाशा व बुलडोझर आहेत त्याच्या ओठी तेच वाक्य बेदखलीचा हुकूम होऊ शकते. ‘केबोन काचांग’ म्हणजे भुईमुगाचा मळा. शेजारचे ‘केबोन सिरिह’ म्हणजे विड्याच्या पानांचा. मळे गेले, मळ्यांच्या नावाच्या वस्त्या आल्या, त्यांतल्या काही गेल्या, आणि नावे मात्र फलकांवर राहिली. मालकी कितीदा फिरली याची मोजदाद कोणत्या दप्तरात असेल!

त्याच परिसरात 1795 सालची डचांची एक दफनभूमी आहे. 1977 मध्ये तिचे शिलालेखांचे संग्रहालय झाले. पूर्वीच्या विस्ताराचा लहानसा तुकडाच राहिला आणि बाकीच्या जागेवर सरकारी कचेऱ्या आल्या. थडग्यांखालचे अवशेष हलविण्यात आले. जावाचा इंग्रज शासक रॅफल्स याची पत्नी ऑलिव्हिया हिच्या नावाचा दगड तेथे आहे. सू होक गी हा तरुण विचारवंत 1969 मध्ये सेमेरू पर्वतावर मरण पावला आणि येथेच पुरला गेला. स्मशान बंद होताना त्याचा देह वर काढून त्याचे दहन करण्यात आले व राख डोंगरावर उधळण्यात आली. संगमरवरी देवदूतांच्या त्या रांगांमधून हिंडताना मला जे जाणवले ते वैराग्य नव्हते, कारण वैराग्यात एक प्रकारची सुटका असते. मला जाणवली ती लाज : मृताला दिलेला शब्दही आपण जागेच्या भावापुढे पाळू शकत नाही याची.

आणि मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली छोटी मशीद मी नव्याने पाहू लागलो. हिरव्या फरशीची, दोन पंख्यांची, वीस-पंचवीस माणसे दाटीने बसतील एवढीच ती जागा, पण ती ‘वकाफ’ होती. वक्फ केलेली जमीन विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, वारसांत वाटता येत नाही; दात्याच्या हातून सुटून ती बाजारातूनच कायमची बाहेर पडते. कंपनीच्या माणसाने गल्लीतले प्रत्येक दार ठोठावले, परंतु तेथे तो कोणाशी बोलणी करणार? आजूबाजूच्या साऱ्या मिळकतींत जिच्यावर कोणाचीही मालकी नाही तीच एक जागा अढळ होती. रोज पहाटे एक म्हातारा तेथील पायरीवर नळीने पाणी मारून ती खराट्याने झाडीत असे, आणि त्याच्या त्या झाडण्यात जेवढे स्वामित्व मला दिसे तेवढे कोणत्याही सनदेत दिसले नाही.

मी फ्लॅट घेतला नाही. गुंतवणूक हे पाप आहे असे मी मानत नाही. ज्या घरात कोणी राहील, कोणाचे मूल जेथे पाटी गिरवील, त्यासाठी पैसा घालणे हे सत्कृत्य होऊ शकते. परंतु मला ते घर दिवा न लावता, भाव चढण्याची वाट पाहत रिकामे ठेवावयाचे होते, आणि खाली रस्त्यावर पथारी पसरणारी माणसे मी रोज पाहत होतो. राहण्यासाठी लागणारी जागा न राहण्यासाठी अडवून धरणे, हेच मला टाकून दिलेल्या जमिनीचे खरे रूप वाटले.

इबूंनी काय केले ते सांगतो. रमजानच्या आधीच्या आठवड्यात, जेव्हा सारे शहर आपापल्या कबरींवर फुले वाहण्यास लोटते, त्या मला बरोबर घेऊन कारेत बिवाकच्या दफनभूमीत गेल्या. कवी खैरिल अन्वर याच स्मशानात विसावला आहे. जकार्तेत कबरीच्या जागेचा परवाना तीन वर्षांचा असतो आणि मुदत संपण्याच्या सुमारास वारसांनी तो नवा करून घ्यावा लागतो. न केल्यास ती जागा दुसऱ्यास जाऊ शकते. इबूंनी पतीच्या कबरीवरचे गवत उपटले, बाटलीतले गुलाबपाणी शिंपडले, पाकळ्या पसरल्या, आणि नवा परवाना माझ्या हाती देऊन तारीख नीट वाचून दाखव म्हणाल्या, कारण चष्मा घरी राहिला होता. मी वाचली. घर विकायचे नाही असे ठरविले आहे, मुलगा तेथेच राहणार आहे, असे त्या सहज बोलून गेल्या. मग तळहाताने माती थोपटीत म्हणाल्या की, राखणदाराशी बोलणे झाले आहे. जागा अपुरी असल्यामुळे एकाच कुटुंबातील दुसऱ्यास त्याच कबरीत ठेवू देतात. “खाली हे,” त्या म्हणाल्या, “आणि वर मी.” परवान्याची घडी घालून त्यांनी तो त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, हिरव्या सनदेला लागून ठेवला.